दान आणि देणे

(सुवर्णमहोत्सवी समारंभात करकंब येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतला आहेच. दात्यांची नावेही वाचून दाखविण्यात आली. त्या यादीत माझ्या कैलासवासी वडिलांचे नाव आले तेव्हा सभागृहात टाळ्या झाल्या आणि खरे सांगतो, मलाही बरे वाटले. परंतु त्याच क्षणी एक प्रश्न मनात उभा राहिला. गेली काही वर्षे तो माझी पाठ सोडीत नाही. वडिलांनी ज्या संपत्तीतून हे दान दिले, ती संपत्ती आमच्या घरात आली कोठून? आणि ती जर कोणावर अन्याय होऊन आली असेल, तर तिच्यातून दिलेल्या रकमेला दान म्हणावयाचे की दुसरे काही? आजच्या मंगल प्रसंगी हा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा जमाखर्च पाहावयाचा असतो, आणि जमाखर्च म्हटला की दोन्ही बाजू आल्या.

वडिलांच्या निधनानंतर जुन्या वाड्याची आवराआवर करताना माळ्यावर एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात पणजोबांच्या काळच्या चोपड्या होत्या. कागद जीर्ण झालेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर मात्र सुंदर मोडी. मला मोडी येत नाही. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी चार महिने दर रविवारी येऊन त्या मला वाचून दाखविल्या. त्यांतील एका खात्याविषयी आज बोलणार आहे. कुळाचे नाव सांगत नाही. ते कुटुंब याच परिसरात नांदते आहे आणि त्यांचे नाव व्यासपीठावरून घेण्याचा अधिकार मला नाही.

शके 1789, म्हणजे इसवी सन 1867-68. एका कुणब्याने चाळीस रुपये कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांनी जुने खत फाडून नवे केले, ते 68 रुपये 13 आण्यांचे. आणखी तीन वर्षांनी तेच 118 रुपयांचे झाले आणि नवव्या वर्षी 203 रुपयांचे. ते नववे वर्ष शके 1798 चे, म्हणजे 1876 च्या महादुष्काळाचे. त्या वर्षी ओढ्याकाठचे रान आमच्या घराण्याच्या नावे खरेदीखताने आले.

येथपर्यंतची हकीकत त्या काळी हजारो घरांत घडली, असे म्हणून मी पेटी बंद केली असती. पण माझे स्नेही चिकित्सक. ते म्हणाले, “खतावणी पाहिलीत, आता रोजकीर्द पाहू.” रोजकीर्दीत त्याच कुणब्याच्या नावाने ज्वारी घातल्याच्या चार नोंदी निघाल्या. नऊ वर्षांत चार सुगींना त्याने ज्वारी आणून घातली होती. रोजच्या वहीत ती लिहिली गेली, खतावणीत मात्र ती कोठेही जमा धरलेली नाही. व्याज जणू एक दाणाही न मिळाल्याप्रमाणे चढत गेले आहे. कारकुनाची चूक एकदा होऊ शकते. ती चार वेळा, आणि चारही वेळा एकाच बाजूला होत नाही.

बंधूंनो, सावकारी हा धंदा म्हणून निंद्य आहे असे मी म्हणत नाही. बी-बियाणे, बैल, लग्नकार्य, सरकारी पट्टी यांसाठी गावाला पैसा लागत होता आणि तो देणारा दुसरा कोणी नव्हता. जोखीम घेणाऱ्याने व्याज घेतले तर तो अन्याय नव्हे. त्या चार नोंदी मात्र अन्याय आहेत. आणि ही केवळ एका घरची गोष्ट नव्हती, हे इतिहासाची पाने उलटली की ध्यानात येते.

12 मे 1875 रोजी सुपे या गावी, जे आज बारामती तालुक्यात आहे, बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या व घरे फोडली. तेथून हा उठाव पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. ‘दख्खनचे दंगे’ या नावाने तो इतिहासात नोंदला गेला. त्याचे वैशिष्ट्य असे की लोकांना मुख्यतः हवी होती ती कागदपत्रे. खते हाती आली की ती जाळावयाची आणि परतावयाचे, असेच बहुतेक ठिकाणी घडले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. ज्यांच्यावर रोष होता ते सावकार प्रामुख्याने मारवाडी व गुजर होते, हे त्या काळच्या कागदोपत्री नमूद आहे. आपल्या समाजातील अनेक घराणी त्यांत होती, हे आपण आपल्यापाशी तरी नाकारू नये.

तथापि इतिहास एकाच माणसाला खलनायक ठरवीत नाही. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले तेव्हा आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला, पत वाढली, कर्जे वाढली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी झाली आणि पट्टी वाढली. ती रोख व ठरल्या तारखेलाच भरावयाची. शिवाय 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू होता कुळाचे रक्षण, पण परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक होता. खत बदलले की व्याजाचेच मुद्दल होई आणि दंडक निरुपयोगी ठरे. आमच्या चोपडीतील चाळीसाचे दोनशे तीन झाले ते याच वाटेने. सरकार, कायदा, न्यायालय आणि सावकार अशा चार चाकांखाली कुणबी सापडला होता. चारांपैकी एक चाक आपले होते, एवढेच मी म्हणतो.

पुढे 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. दंगे मुख्यतः पुणे-नगरकडे झाले असले तरी दुखणे सोलापुरातही होते, हेच त्यावरून दिसते. खतावर लिहिलेल्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याची मुभा या कायद्याने न्यायाधीशाला दिली आणि कुळाला पावती व हिशेब मिळण्याची तरतूद केली. म्हणजे रोजकीर्दीतील ज्वारी खतावणीत का चढली नाही, हे विचारण्याची सोय झाली. आमच्या त्या कुळासाठी ती तीन वर्षे उशिरा झाली. रान तोवर गेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हे सारे दीडशे वर्षांपूर्वीचे. त्याचा माझ्याशी संबंध काय?

चोपडीतील ही हकीकत मी माझ्या धाकट्या बंधूंना सांगितली तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “दादा, म्हणजे तुम्ही पणजोबांना चोर म्हणणार का? आणि म्हणालात तरी त्यात आपला काय दोष? ज्याचे कर्म त्याला.” त्यांचा राग मी समजू शकतो. पणजोबांनी गावात पाणपोई घातली होती, दुष्काळात अन्नही वाटले होते, असे घरात सांगत आले आहेत. ते खोटे मानण्याचे कारण नाही. माणूस एकाच वेळी अन्न वाटणारा आणि ज्वारी जमा न करणारा असू शकतो. आणि कर्माविषयी बंधू जे बोलले ते तर आपल्या दर्शनाचे सारच आहे. प्रत्येक जीव आपल्याच कर्माचा कर्ता व भोक्ता. पणजोबांचे कर्म पणजोबांबरोबर गेले. त्याचा एक कणही माझ्या आत्म्याला चिकटत नाही.

परंतु कर्म त्यांच्याबरोबर गेले, रान मात्र येथेच राहिले. ते मी स्वीकारले. हा स्वीकार माझा आहे, तो पणजोबांचा नव्हे.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव ‘तदाहृतादान’ असे आहे. चोरून आणलेली वस्तू घेणे, असा त्याचा अर्थ. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्याने स्वतः चोरी केली नाही, करविली नाही, त्याच्याही व्रताला केवळ घेण्यामुळे दोष लागतो. आपल्या आचार्यांनी घेणाऱ्याला मोकळे सोडलेले नाही. मला ठाऊक नव्हते तोवर माझे घेणे अजाणतेपणाचे होते. पेटी उघडून चोपडी वाचली त्या दिवसापासून ते जाणतेपणाचे झाले. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानतात. जाणून-बुजून लाभ भोगीत राहणे आणि त्याविषयी मौन पाळणे, यात अनुमोदनाचा अंश नाही असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

कोणी म्हणेल, ते रान आज तुमच्याकडे कोठे आहे? खरे आहे. आजोबांनी ते 1930 च्या सुमारास विकले. पण कशासाठी विकले? माझे वडील पुण्यास महाविद्यालयात शिकावयास गेले, त्या खर्चासाठी. त्या शिक्षणावर त्यांना नोकरी मिळाली, नोकरीवर आम्ही भावंडे शिकलो, मी शिक्षक झालो आणि आज निवृत्तिवेतनावर सुखाने जगतो आहे. रानाचे शिक्षण झाले, शिक्षणाचे वेतन झाले, वेतनाचे घर झाले. सातबाऱ्यावरून नाव गेले म्हणून लाभ गेला असे होत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला काय झाले? मी शिकवीत असताना त्या कुळातील एक मुलगा माझ्या वर्गात होता. गणितात हुशार. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. दाखल्यावर शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात मी स्वतः ‘घरगुती अडचण’ असे लिहिले. ते दोन शब्द लिहिताना त्या अडचणीचे एक टोक माझ्या घरच्या माळ्यावरील पेटीत आहे, हे मला माहीत नव्हते. त्याच्या गरिबीचे तेवढेच कारण होते असा दावा मी करीत नाही. मधल्या काळात दुष्काळ आले, वाटण्या झाल्या, आजारपणे झाली. पण ओढ्याकाठचे ते रान त्यांच्याकडे असते, तर त्या सर्वांना तोंड देण्यास त्यांच्या पायाखाली काहीतरी असते.

आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आलेला पुढचा आक्षेप मला दिसतो आहे. असे मागे मागे जात राहिले तर थांबावयाचे कोठे? कोणाचे कोणाला किती देणे, हा हिशेब ब्रह्मदेवालाही जमणार नाही. मग एकाच घराण्यावर अनंत ओझे ठेवावयाचे काय?

यावर मला एका जुन्या कायद्याने वाट दाखविली. हिंदू परंपरेत बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे पवित्र कर्तव्य मानले जाई. सावकाराची पुढील पिढी कुळाच्या पुढील पिढीकडे वसुलीस जाई, ती या समजुतीच्या आधारे. मुंबई सरकारने 1866 मध्ये हिंदू वारसांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि वारसाची जबाबदारी, त्याला वारशाने जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरती मर्यादित केली. मला हे तत्त्व अतिशय न्याय्य वाटते. वाडवडिलांच्या कृत्याची लाज जन्मभर वाहा, असे ते सांगत नाही. जे मिळाले तेवढ्यापुरते उत्तर द्या, एवढेच सांगते. आणि श्रोतेहो, एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू या. येणे वारसाने येते, असे आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या ठामपणे सांगत आली. बापाने अंगठा दिला, मुलाने फेड केली. मग देणेच तेवढे वारसाने येत नाही, असे आज आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

‘ते मागत कोठे आहेत?’ असेही म्हटले जाते. व्यापारी माणसाला याचे उत्तर सांगावयास नको. धनको विसरला म्हणून ऋणको मोकळा होत नाही. आणि ज्याच्यापाशी वहीच नाही, त्याने मागावयाचे तरी कशाच्या आधारे? वही आपल्या माळ्यावर आहे. म्हणून पहिला शब्द आपण उच्चारला पाहिजे.

हा विचार केवळ आपल्याच मातीत उगवला आहे असे नव्हे. आपल्यासारख्याच एका धर्मसंस्थेचे उदाहरण देतो. अमेरिकेतील मेरीलँड प्रांताच्या जेझुइट धर्मगुरूंनी 1838 मध्ये आपल्या मालकीच्या 272 गुलाम स्त्री-पुरुष व मुलांची विक्री केली. त्या पैशातून त्यांच्या जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास मदत झाली. पुढे ते नामांकित विद्यापीठ झाले. हजारो विद्यार्थी तेथे शिकले आणि त्यांच्यापैकी कोणी गुलाम विकला नव्हता. तरीही विद्यापीठाने जुनी कागदपत्रे उघडली आणि 2016 मध्ये जाहीर केले की, त्या 272 जणांच्या वंशजांना प्रवेशाच्या वेळी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखाच अग्रक्रम देऊ. 2017 मध्ये संस्थेने व धर्मसंघाने वंशजांसमोर क्षमा मागितली. 2019 मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन प्रत्येक सत्रास 27 डॉलर 20 सेंट स्वतःहून भरण्याच्या बाजूने बहुमत दिले. हा आकडा 272 या संख्येवरूनच घेतला होता. ते सक्तीचे शुल्क पुढे लागू झाले नाही, विद्यापीठाने स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरविले. पण विशी-बाविशीतील मुलांनी ‘आम्ही काय केले?’ असे न विचारता ‘आम्हाला काय मिळाले?’ असे विचारले, हे मला मोलाचे वाटते.

आता ही गोष्ट केवळ सावकारी घराण्यांपुरती आहे, असे समजून बाकीच्या मंडळींनी निश्चिंत होऊ नये. या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांना लागू पडणारे उदाहरण फार दूर नाही. भीमेवरील उजनी धरणाचे काम 1966 मध्ये सुरू झाले आणि 1980 मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे 117 टी.एम.सी. साठवणक्षमतेच्या या जलाशयाने आपल्या तालुक्याचे रूप पालटले. ऊस आला, द्राक्षे आली, डाळिंबे आली, साखर कारखाने उभे राहिले. आमची पिढी ज्वारीच्या कोरड्या भाकरीवर वाढली आणि आमची नातवंडे मोटारीतून फिरतात, यामागे ते पाणी आहे. पण त्याच पाण्याखाली करमाळा, इंदापूर, माढा, दौंड या भागांतील नांदती गावे गेली. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की इंदापूर तालुक्यातील जुन्या पळसदेवचे देऊळ वर येते आणि लोक ते पाहावयास जातात. आपण त्याची छायाचित्रे काढतो. ज्यांचे ते ग्रामदैवत होते त्यांना काय वाटत असेल?

येथे कोणी खोटे खत लिहिले नाही. धरण लोकहिताचे होते, आणि आपण कोणाचे घर बुडविले नाही. तरीही आपले शेत ज्या पाण्याने भिजले, त्याच पाण्याने दुसऱ्याचे बुडाले. राज्याने 1976 मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या धारणेच्या जमिनीतून काही भाग घेऊन तो विस्थापितांना द्यावा, हे तत्त्व त्यात मान्य केले गेले. ज्याला लाभ झाला त्याच्या लाभातून, ज्याचे गेले त्याला द्यावयाचे. मी मघापासून जे सांगतो आहे ते याहून वेगळे नाही. पण हा कायदा आला तेव्हा धरणाचे काम सुरू होऊन दहा वर्षे लोटली होती. आणि पुनर्वसित वसाहतीतील माणसांकडे आपण आजही ‘बाहेरून आलेले’ म्हणून पाहतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. आपल्या बागेला पाणी देणारा माणूस आपल्या गावात उपरा कसा ठरतो?

आता दान आणि देणे यांतील भेदाकडे येतो. आजच्या व्याख्यानाचे सार तेच आहे.

दान देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दात्याचे नाव फलकावर कोरले जाते, त्याला हार घातला जातो, त्याला पुण्य लागते. घेणारा हात जोडतो. देणे फेडणाऱ्याचे तसे नसते. दुकानदाराचे बिल चुकते केले म्हणून कोणी आपला सत्कार करीत नाही. देणे फेडल्याने आपण मोठे होत नाही, फक्त मोकळे होतो. आणि ज्याला ते मिळते त्याला मान झुकवावी लागत नाही. रक्कम तीच असेल, पण एकात समोरचा याचक असतो आणि दुसऱ्यात तो हक्कदार असतो.

आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याची दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेला मोकळी करून दिली. आपण त्यांना मोठे दानी म्हणतो. मला मात्र अलीकडे असे वाटू लागले आहे की दामाजीपंतांनी दान केलेच नाही. ते धान्य रयतेच्याच शेतातले होते, ते रयतेला परत गेले. कोठारात पडले म्हणून ते दुसऱ्याचे झाले नव्हते, एवढे त्यांनी ओळखले.

गेल्या वर्षी मी त्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. तो आता पन्नाशीचा आहे. चोपडी बरोबर नेली होती. सर्व सांगून झाल्यावर तो रागावेल, किंवा ‘जाऊ द्या गुरुजी’ म्हणेल, अशी माझी कल्पना होती. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्या म्हाताऱ्याचं नाव लिवलंय व्हय ह्यात? कुठं, दावा की.” मी बोट ठेवून दाखविले. त्याला मोडी येत नव्हती, मलाही नाही. पण ती ओळ आम्ही दोघे बराच वेळ पाहत बसलो. त्यांच्या घरात त्या पूर्वजाचे नाव कोठेही लिहिलेले नव्हते. मग त्याने ज्वारीच्या नोंदी विचारल्या. मी चारही दाखविल्या. “चार सुगी घातली म्हणा की,” एवढेच तो बोलला आणि भ्रमणध्वनीवर त्या पानाचे छायाचित्र काढून घेतले.

त्याची मुलगी पंढरपूरला शिकते. तिच्या शिक्षणाचा भार मी उचलला आहे. येथे हे सांगताना मला संकोच वाटतो. कारण सांगितले की त्याचे पुन्हा दान होते. परंतु न सांगता आपणापुढे पुढील विनंती ठेवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. एका मुलीच्या फीने दीडशे वर्षांचा हिशेब चुकता होत नाही, हेही मी जाणतो. माझे बंधू अद्याप पूर्णपणे सहमत नाहीत. मात्र गेल्या दिवाळीत त्यांनी मला विचारले, “त्या पेटीत आणखी खाती आहेत का?” आहेत. ती आम्ही दोघे वाचणार आहोत.

ट्रस्टला माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, आपापल्या घरी असलेल्या जुन्या चोपड्या रद्दीत घालू नका. त्या संस्थेकडे द्या, मोडी जाणकारांकडून वाचवून घ्या आणि ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांच्या वंशजांना पाहावयास खुल्या ठेवा. दुसरी, सुवर्णमहोत्सवी शिष्यवृत्तीचा जो निधी आज जाहीर झाला, त्याचा एक भाग तरी दाननिधी न म्हणता ‘देणे-निधी’ म्हणून वेगळा ठेवा. त्याला दात्यांचा फलक नसावा, आणि घेणाऱ्या मुलांना व्यासपीठावर बोलावून हात जोडावयास लावू नये. तिसरी, तो निधी कोणाला व कसा द्यावयाचा हे ठरविणाऱ्या समितीत घेणाऱ्यांच्या बाजूची माणसेही असावीत. हिशेब दोघांनी मिळून तपासला तरच तो हिशेब असतो. एकट्याने तपासलेल्या हिशेबाचे काय होते, ते मघाच आपण ऐकले.

दरवर्षी पर्युषणानंतर आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. नकळत दुखावलेल्या मुंगीचीही मागतो. ही आपल्या धर्माची थोरवी आहे. पण प्रतिक्रमण या शब्दाचा मूळ अर्थ मागे फिरणे असा आहे. ज्या वाटेने आपण येथवर आलो, त्या वाटेने चार पावले मागे जाऊन पाहावयाचे. तेथे आपल्याला वाडवडिलांचे कष्ट दिसतील, त्यांचा धर्म दिसेल, आणि कोठेतरी खतावणीत न चढलेली ज्वारीही दिसेल. ती दिसली तर जमा करून घ्यावी. उशीर झाला आहे, पण वही अजून आपल्याच हाती आहे.

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मनःपूर्वक क्षमा मागतो.